दुतोंड्या मारुतीला तळ विचारू नका : परीक्षा मंडळाला एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य आणि भूगोल विषयाची तज्ज्ञ समिती,
परीक्षा मंडळ

विषय : अंतिम उत्तरतालिकेत बदललेलं समुद्रतळाच्या प्रश्नाचं उत्तर

स.न.वि.वि.

मंडळाचं पूर्ण नाव वर लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. ज्यांनी ही परीक्षा दिली त्यांना ते ठाऊक आहे, आपल्याला तर आहेच. बाकीच्यांनी आपापल्या परीक्षेचं नाव तिथे घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही.

आधी प्रश्न. भूगोलाच्या भागात दोन विधानं दिली होती. (अ) उपग्रहांच्या साहाय्याने समुद्रतळाची खोली प्रत्यक्ष मोजली जाते. (ब) या तंत्रामुळे आज जगातील संपूर्ण समुद्रतळाचे अचूक नकाशे उपलब्ध आहेत. पर्याय नेहमीचे : फक्त अ, फक्त ब, दोन्ही, एकही नाही. पहिल्या उत्तरतालिकेत आपण उत्तर दिलं होतं ‘एकही नाही’. ते बरोबर होतं. हरकती मागवल्या गेल्या, तीन आठवडे गेले, आणि फायनल की, म्हणजे अंतिम उत्तरतालिका, आली तेव्हा उत्तर झालं होतं ‘दोन्ही’. ‘एकही नाही’वरून थेट ‘दोन्ही’वर! मधल्या तीन आठवड्यांत समितीच्या खोलीत काय घडलं हे आम्हाला कुणालाच माहीत नाही. समुद्र मात्र होता तेवढाच खोल होता.

प्रश्न एका गुणाचा, चुकीला पाव गुण वजा. म्हणजे ज्यांनी बरोबर उत्तर लिहिलं त्यांचा एक गुण गेला आणि वर पाव गुण दंड बसला. सव्वा गुण. ऐकायला किरकोळ वाटतो. माझ्या बॅचमधली पेठ तालुक्यातली एक मुलगी अशोक स्तंभाजवळच्या अभ्यासिकेत दोन वर्षं सकाळी सहाला येऊन बसायची. कट-ऑफ लागला तेव्हा ती अर्ध्या गुणाने खाली होती. पहिली की कायम राहिली असती तर पाऊण गुणाने वर असती. (तसं झालं असतं तर कट-ऑफही थोडा हलला असता, हे मला कळतं. किती हलला असता ते मात्र फक्त आपण सांगू शकता.) तिने रीतसर हरकत नोंदवली होती, शुल्क भरून. पण पहिल्या कीवर हरकत घ्यायचं तिला कारणच काय होतं? तिचं उत्तर तेव्हा बरोबर धरलेलं होतं. तिने घेतली ती अंतिम कीवर, आणि त्याला उत्तर आलं एका ओळीचं : ‘अंतिम उत्तरतालिकेवर हरकती विचारात घेतल्या जात नाहीत.’

तिच्या नावाने हे पत्र लिहू नका, असं तिनेच मला सांगितलं. तिला पुढच्या वर्षी पुन्हा आपल्याच दारात यायचं आहे. म्हणून माझ्या नावावर घेते.

मी १९ वर्षं नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांचा भूगोल शिकवते, आणि आधी कबूल करते की आपल्या समितीने जी चूक केली ती मीही केलेली आहे. एकदा नव्हे, सलग सात-आठ वर्षं. ‘उपग्रह वरून समुद्राच्या तळाचा फोटो काढतो’ हे वाक्य मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं आहे. वर्गाच्या भिंतीवर तो निळा जागतिक नकाशा टांगलेला असायचा. त्यातल्या पाण्याखालच्या पर्वतरांगा इतक्या रेखीव, की शंका यायला जागाच नव्हती.

शंका आली २०१४ मध्ये. ८ मार्चला मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-३७० हे विमान नाहीसं झालं. दक्षिण हिंदी महासागरात शोध घ्यायचं ठरलं आणि पेपरात बातमी आली, की समुद्राखालचा शोध सुरू करण्याआधी जहाजं तिथल्या तळाचा नकाशा तयार करणार आहेत आणि त्याला काही महिने लागतील. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मॅडम, नकाशा तर आपल्या भिंतीवर आहे ना? मग ते परत कशाला बनवतायत?” वर्ग हसला. मीही हसले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर शोधायला बरेच दिवस गेले. त्या जहाजांनी मल्टिबीम सोनारने, म्हणजे खाली ध्वनिलहरींचा पंखा सोडून, सरतेशेवटी सुमारे २ लाख ७९ हजार चौरस किलोमीटर तळ मोजला. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे थोडा कमी एक महाराष्ट्र. त्या मोजणीत ज्वालामुखींचे डोंगर, सरळसोट कडे, खोल घळी अशा काही बाहेर आल्या, की भिंतीवरच्या नकाशात त्या एकतर नव्हत्याच किंवा पुसट फुगवट्यासारख्या होत्या. नकाशा मी उतरवला नाही. त्याच्या खाली काळ्या मार्करने ‘अंदाज’ एवढंच लिहिलं. तो शब्द अजून तिथे आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार विधान (अ) मधल्या एका शब्दाबद्दल आहे : ‘प्रत्यक्ष’.

आम्हा नाशिककरांना पाणी मोजायला दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदावरीच्या पात्रात उभी असलेली मारुतीची उंच मूर्ती, पुरतो. गोदेला पूर आला की सगळं शहर एकच विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. त्यावरून पुराचा अंदाज येतो, बाजारातली दुकानं रिकामी करायची की नाही ते ठरतं. पण मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं यावरून कळतो तो पाण्याचा पृष्ठभाग. पात्राचा तळ कुठे आहे, त्यात खड्डा आहे की खडक, हे मारुती सांगत नाही. कुणी त्याला विचारतही नाही.

समुद्रावरून फिरणारे उंचीमापक उपग्रह नेमकं मारुतीचं काम करतात. ते रडारचा स्पंद खाली सोडतात, तो पाण्याच्या पृष्ठभागावरून परततो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून समुद्राच्या पृष्ठभागाची उंची काही सेंटिमीटरच्या फरकाने कळते. कमालीचं काम आहे. पण रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत, त्यामुळे तळाला त्या कधीच पोचत नाहीत. आपला इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था सीएनईएस यांनी मिळून २५ फेब्रुवारी २०१३ रोजी पीएसएलव्ही-सी २० वरून सोडलेला ‘सरल’ हाही असाच. चालू घडामोडींत आम्ही तारखेसकट पाठ करून घेतो. त्यावरच्या उपकरणाचं नाव ‘अल्टिका’, म्हणजे काम उंची मोजण्याचं. खोली मोजण्याचं नव्हे.

मग तळाचं चित्र येतं कुठून? गुरुत्वाकर्षणातून. समुद्रतळावर डोंगर असला तर तिथे पाण्याऐवजी खडक, म्हणजे जास्त वस्तुमान. ते आजूबाजूचं पाणी किंचित स्वतःकडे ओढतं आणि डोंगराच्या वर समुद्राचा पृष्ठभाग फुगतो. दोन हजार मीटर उंचीचा डोंगर असेल तर फुगवटा साधारण दोन मीटरचा, तोही कित्येक किलोमीटरवर पसरलेला, त्यामुळे जहाजावरच्या माणसाला काही जाणवत नाही. उपग्रहाला जाणवतो. त्या फुगवट्यावरून गुरुत्व काढायचं, गुरुत्वावरून तळाचा आकार ताडायचा, आणि जिथे जहाजांनी खोली मोजलेली आहे तिथे तो ताडून घ्यायचा. वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये जो जागतिक नकाशा प्रसिद्ध केला तो असा तयार झाला. अमेरिकी नौदलाच्या ‘जिओसॅट’ची गुप्त माहिती १९९५ मध्ये खुली झाली, युरोपच्या ‘ईआरएस-१’ची जोडीला होती, आणि त्यात जहाजांनी केलेल्या मोजण्या मिसळल्या. जहाजाच्या मोजणीशिवाय तो नकाशा उभाच राहत नाही. याला ‘प्रत्यक्ष मोजणं’ म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतला ज्योतिषीही प्रत्यक्ष मोजणी करतो.

हे जरा जास्त झालं, मागे घेते. ही पद्धत ज्योतिष नाही, उत्तम विज्ञान आहे, आणि तिच्या कर्त्यांनी तिच्या मर्यादा पहिल्यापासून स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. मोठी मर्यादा पाण्याच्या जाडीची आहे. तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये चार किलोमीटर पाणी असलं की लहान उंचवट्याची ओढ वर येईपर्यंत विरून जाते. ढोबळमानाने १५ ते १६० किलोमीटर तरंगलांबीचे (एका चढापासून पुढच्या चढापर्यंतचं अंतर तेवढं असलेले) चढउतार या पद्धतीने धरता येतात, त्याहून बारीक निसटतात.

‘नाशिक नव टेकांवर वसविले’ असं आपण म्हणतो. उद्या हे नऊच्या नऊ टेक चार किलोमीटर पाण्याखाली नेऊन ठेवा. उपग्रहाच्या गुरुत्वावरून काढलेल्या नकाशात तिथे सपाट मैदान दिसेल. जुनी गढी नाही, म्हसरूळचा टेक नाही, काही नाही. पांडवलेण्याचा डोंगरही नाही. कळसूबाईएवढं काही उभं असेल तर सुगावा लागेल, पण शिखर नेमकं कुठे आणि किती वर, हे खात्रीने नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुटलेल्या ‘स्वॉट’ उपग्रहाने हे चित्र खूपच सुधारलं आहे. पूर्वी तीस वर्षांत जमलेल्या माहितीपेक्षा त्याच्या एका वर्षाच्या माहितीत जास्त बारकावा निघाला आणि सुमारे आठ किलोमीटरइतके लहान आकारही दिसू लागले. आनंदच आहे. पण आठ किलोमीटर म्हणजे आमच्या टेकांच्या हिशेबात अजून फार लांब.

दुसरी मर्यादा गाळाची, आणि ती खास आपल्या अंगणातली आहे. गुरुत्वाला खडक दिसतो, त्याच्यावर काय साचलंय ते धड दिसत नाही. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेने कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ टाकला आहे. त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेली आपली गोदावरीही आपला वाटा तिकडेच नेऊन ओतते. ९० अंश पूर्व रेखांशावरून दक्षिणोत्तर धावणारी ‘नाइंटी ईस्ट रिज’ ही प्रचंड पर्वतरांग सुमारे १० अंश उत्तरेच्या पुढे या गाळाखाली गाडली गेली आहे. वर तळ जवळजवळ सपाट, खाली डोंगर. गुरुत्वाचा संकेत डोंगराचा येतो. नुसत्या त्याच्यावर विसंबून खोली काढणारा तिथे नसलेला डोंगर काढून बसेल. आपल्या मुलांना परीक्षेत ही रांग विचारली जाते, म्हणून हे उदाहरण दिलं.

आता आकडा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या जागतिक ग्रिडच्या (चौकोना-चौकोनांत खोली मांडलेल्या नकाशाच्या) कर्त्यांनी उपग्रहावरून वर्तवलेल्या खोलीतली अनिश्चितता खोल समुद्रात सुमारे ±१५० मीटर आणि किनाऱ्याकडच्या भागात ±१८० मीटर सांगितली आहे. किनाऱ्याकडे चूक वाढते. हे लक्षात घ्यायला हवं, कारण जहाजं तिथेच जास्त असतात. आपले तज्ज्ञ म्हणतील, चार हजारांत दीडशे म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. शहाण्णव टक्के मिळाले तर आमच्याकडेही पेढे वाटतात. पण ही चूक सगळीकडे सारखी वाटलेली नसते. सपाट मैदानावर ती नगण्य, आणि जिथे एकटं शिखर उभं असतं तिथे शेकडो मीटर. जिथे आपटायची भीती, तिथेच नकाशा सर्वांत कच्चा. तुलनेसाठी सांगते : बंदराच्या आसपासच्या मोजणीसाठी आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने ठरवलेल्या मानकाच्या ‘१-अ’ श्रेणीत ४० मीटर खोलीला पाऊण मीटरही चूक चालत नाही.

दुसरी तक्रार विधान (ब) बद्दल. इथे ‘संपूर्ण’ आणि ‘अचूक’ असे दोन शब्द आहेत आणि दोन्ही खोटे आहेत.

जपानचं निप्पॉन फाउंडेशन आणि समुद्रतळाचे नकाशे करणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम जेब्को यांचा ‘सीबेड २०३०’ हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा जगाच्या समुद्रतळापैकी सुमारे ६ टक्के भाग आधुनिक दर्जाने मोजलेला होता. जून २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेला आकडा २७.३ टक्के. संपूर्ण मोजून झालेला असता तर २०३० पर्यंत मोजायचा प्रकल्प कशाला काढला असता, हे समितीतल्या एकाच्याही मनात आलं नाही का? जेब्कोच्या जागतिक नकाशासोबत एक जोडफाइल मिळते. नकाशातल्या प्रत्येक चौकोनातली खोली कुठून आली त्याचा संकेतांक तिच्यात असतो. ११ म्हणजे मल्टिबीम सोनारने मोजलेली. ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्वावरून वर्तवलेली. ‘वर्तवलेली’ हा त्यांचा शब्द. त्यांना आपल्या नकाशाला ‘अंदाज’ म्हणायला लाज वाटत नाही. आपल्याला का वाटावी? आणि चौकोन सुमारे साडेचारशे मीटरचा आहे म्हणून माहितीही तेवढी बारीक आहे, असा गैरसमज अनेक गाइडांत आहे. चौकोन हवा तेवढा लहान पाडता येतो. त्यात भरायला माहिती हवी.

मोबाइलवर गूगलचा नकाशा उघडून माझे विद्यार्थी दर वर्षी विचारतात, समुद्रात या सरळ रेघा कसल्या? दर वर्षी कुणी ना कुणी बुडालेल्या नगरीचा फॉरवर्ड घेऊन येतो. २००९ मध्ये अटलांटिकमधल्या अशाच रेघांना जगभरच्या पेपरांनी अटलांटिस ठरवलं होतं. त्या रेघा म्हणजे जहाजांच्या वाटा. जिथून जहाज गेलं तिथे खरी मोजणी, तेवढी पट्टी तपशिलात दिसते. बाजूचा सगळा गुळगुळीत प्रदेश हा अंदाज. विधान (ब) खोटं आहे याचा पुरावा प्रत्येक परीक्षार्थीच्या खिशात असतो, फक्त परीक्षा केंद्राच्या दारात तो जमा करावा लागतो.

१९७३ मध्ये कोकोस बेटांजवळ ‘म्युअरफील्ड’ नावाचं मालवाहू जहाज कशावर तरी आपटलं. नकाशावर तिथे पाच हजार मीटरहून जास्त पाणी होतं. दहा वर्षांनी सर्वेक्षण झालं तेव्हा पृष्ठभागापासून २० मीटरांच्याही आत आलेलं शिखर सापडलं. ते उपग्रहांच्या आधीचं म्हणून सोडून देऊ. पण ८ जानेवारी २००५ रोजी ग्वामच्या दक्षिणेला ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकी अणुपाणबुडी पूर्ण वेगात समुद्री डोंगरावर धडकली आणि एक खलाशी गेला. वापरातल्या नकाशावर तो डोंगर नव्हता. २ ऑक्टोबर २०२१ रोजी दक्षिण चीन समुद्रात ‘कनेक्टिकट’ अशाच नोंद नसलेल्या डोंगरावर आदळली. ज्यांच्या नौदलाने जिओसॅट सोडला त्यांची ही गत. आपल्या उत्तरतालिकेप्रमाणे त्यांच्याकडे संपूर्ण तळाचा अचूक नकाशा होता.

आपल्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलते. उथळ आणि नितळ पाण्यात उपग्रह खरोखर तळापर्यंत पाहतो. सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहांच्या चित्रांतून पाण्यातून परतलेल्या निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या प्रमाणावरून खोली काढतात. २०१८ मध्ये सुटलेला ‘आइससॅट-२’ तर हिरवा लेसर सोडतो, तो पाण्यात शिरतो, तळावरून परततो. ही मोजणी बऱ्यापैकी प्रत्यक्ष म्हणता येईल. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी याच लेसरच्या माहितीवरून रामसेतूचा पाण्याखालचा नकाशा तयार केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचवटीच्या गावात ती बातमी किती फिरली असेल ते सांगायला नको. कुणा हरकतदाराने तेच कात्रण जोडलं असेल आणि समितीला ते पटलं असेल, असा माझा तर्क आहे. पण हे जमतं कुठे? अगदी स्वच्छ पाण्यात, फार तर चाळीसेक मीटरपर्यंत. लक्षद्वीपच्या खाजणात ठीक. मुंबईच्या किंवा खंभातच्या गढूळ पाण्यात काही मीटरही नाही. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या घरात आहे. ‘उथळ व नितळ पाण्यात’ एवढे चार शब्द विधान (अ) मध्ये असते तर मीच ते बरोबर धरलं असतं. म्हणजे (अ) वर वाद होऊ शकतो, हे मान्य. (ब) वर होऊ शकत नाही. त्यामुळे कसंही फिरवलं तरी ‘दोन्ही’ हे उत्तर निघत नाही.

तिसरी तक्रार रीतीची. उत्तर बदललं, कारण दिलं नाही. कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून बदललं, हेही नाही. आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकारात अर्ज केला, त्याला कळवण्यात आलं की तज्ज्ञांचा अभिप्राय गोपनीय आहे. तज्ज्ञाचं नाव गोपनीय ठेवा, कुणाची हरकत नाही. समुद्राची खोली गोपनीय कशी असेल? आणि ज्याचं उत्तर पहिल्या कीत बरोबर होतं त्याला बाजू मांडायची संधी कुठल्याच टप्प्यावर मिळत नाही, हे आपल्या नियमावलीतलं छिद्र आहे. चुकलेल्याला दाद मागता येते, बरोबर असलेल्याला येत नाही.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त छळते, आणि ती एका मुलीच्या सव्वा गुणापुरती नाही. आपल्याला कदाचित कल्पना नसेल की उत्तरतालिकेचं पुढे काय होतं. फायनल की लागली की पंधरा दिवसांत ‘मागील वर्षांचे प्रश्न, स्पष्टीकरणासह’ अशी पुस्तकं बाजारात येतात. स्पष्टीकरण लिहिणारा कीला चूक म्हणत नाही, तो कीला शोभेल असं कारण शोधतो. ‘आधुनिक उपग्रहांमुळे समुद्रतळाचे अचूक मापन शक्य झाले आहे’ असं एक वाक्य तो तयार करतो. ते वाक्य क्लासच्या नोट्समध्ये जातं, नोट्सवरून टेलिग्रामच्या ग्रुपवर, तिथून शंभर चॅनलांवर. दोन वर्षांनी एखादा प्रश्नकर्ता संदर्भ म्हणून तेच उघडतो. माझ्या टेबलावर यंदाचं असं एक पुस्तक आहे, ते वाक्य त्यात आलेलंच आहे. मुलं मला म्हणतात, “मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण पेपरात काय टिक करायचं?” यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. भूगोल शिकवायचा की मंडळाचा भूगोल शिकवायचा, असे दोन विषय झाले आहेत. त्यातल्या फक्त एकाला गुण आहेत.

यातूनच निवडून गेलेली मुलं उद्या किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत अधिकारी होणार. बंदराच्या, गाळ उपशाच्या, वादळात बोटी कुठे न्यायच्या याच्या फायली त्यांच्या टेबलावर येणार. ‘उपग्रहाचा नकाशा आहे, मग सर्वेक्षणाला पैसे कशाला?’ असा शेरा मारायला त्यांना आपलीच उत्तरतालिका शिकवते आहे.

मागण्या साध्या आहेत.

१. मुख्य परीक्षेचे अर्ज सुरू होण्याआधी या प्रश्नाचं उत्तर पुन्हा ‘एकही नाही’ करावं. (अ) बद्दल मतभेद आहे असं समितीला वाटत असेल तर प्रश्न रद्द करून सर्वांना समान गुण द्यावेत. ‘दोन्ही’ मात्र राहू नये.

२. निर्णयाआधी ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांना विचारावं. डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय आहे, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. एका ई-मेलचं काम आहे.

३. पहिल्या आणि अंतिम कीमध्ये जे जे उत्तर बदलतं, त्याच्यासमोर दोन ओळींचं कारण आणि संदर्भाचं पान छापावं. फक्त याच नव्हे, प्रत्येक परीक्षेत.

४. बदललेल्या उत्तरांपुरती, तीन दिवसांची का होईना, दुसरी हरकत-फेरी ठेवावी. हरकत मान्य झाली तर शुल्क परत करावं.

आपल्यापैकी कुणाला हे प्रत्यक्ष दाखवून हवं असेल तर माझा वर्ग सकाळी सात ते नऊ असतो. जेब्कोचा नकाशा आणि त्याची ती संकेतांकांची फाइल दोन्ही फुकट उतरवून घेता येतात, मी पडद्यावर शेजारी शेजारी लावून ठेवेन. अरबी समुद्रापासून सुरुवात करू. ४० हा आकडा किती ठिकाणी येतो ते आपणच मोजा.

सोमवारी नव्या बॅचला समुद्रतळाचा धडा आहे. पेठची ती मुलगीही येणार आहे. पुन्हा पहिल्या बाकावर.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका,
अशोक स्तंभ परिसर, नाशिक